फाईलचं शेपूट

मला लिहायची फारशी सवय नाही, पण धाकट्या भावाबद्दल लिहावंसं वाटलं. तो शाळेतले संगणक सांभाळतो. कुठल्याही संगणकावर उघडेल अशा खुल्या स्वरूपातच सगळ्यांनी फाईली ठेवाव्यात, हा त्याचा हट्ट; त्यासाठी त्याने शाळेचं जुनं सॉफ्टवेअरही बदलायला लावलं होतं. त्या सकाळी त्याचा विसरलेला चष्मा द्यायला गेलो, तर गणिताच्या बाईंनी घरून पाठवलेली प्रश्नपत्रिका उघडतच नव्हती. परीक्षा तोंडावर आली होती.

"आज नाही उघडली, तर उद्यापासून आपलं जुनंच सॉफ्टवेअर," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

धाकटा उठे, बसे, पुन्हा उठे. शेवटी त्याने बाईंना फोन लावला.

"बाई, फाईलला काही केलंत का?"

"छे! शाळेत उघडावी म्हणून नावामागचं, टिंबानंतरचं शेपूट तेवढं बदललं."

"अहो, डब्यावरची चिठ्ठी बदलून मिठाची साखर होते का?"

त्याने जुनं शेपूट परत लावलं. फाईल उघडली, एक अपूर्णांकही हलला नव्हता. जुन्या सॉफ्टवेअरचं नावही न काढता मुख्याध्यापिका छापायला निघाल्या.

धाकटा मात्र बसला नाही. "दादा, पलीकडच्या खोलीतल्या संगणकावर उघडते का, बघून येतो," म्हणत गेला. चष्मा टेबलावरच राहिला.