बारा गाठींची दोरी

हिराबाई खोलीत शिरल्या की आधी माणसाकडे बघत नसत, फरशीकडे बघत. चपला दाराबाहेर काढून अनवाणी पाऊल फरशीवर पुढेमागे घासायचं, ओल नाही ना, फिनाईल बुळबुळत नाही ना हे तळव्याने पाहायचं, मगच "काय गो बाय, उठलीस का?" म्हणायचं. पनवेलच्या त्या वृद्धनिवासात आईला ठेवलं त्या दिवशी मी हौसेने नेलेलं फुलाफुलांचं पायपुसणं त्यांनी घडी घालून कपाटावर टाकलं. पाय अडकतो, म्हणे. मला बाई आगाऊ वाटल्या.

त्या उरणकडच्या कोळीण. नवऱ्याची होडी विकली गेली आणि त्या इथे मावशी म्हणून कामाला लागल्या. होडीची निळी दोरी मात्र त्यांनी विकली नव्हती. ती त्यांनी व्हरांड्यात खिडक्यांच्या गजांना कमरेच्या उंचीवर बांधली आणि दर चार पावलांवर एक जाड गाठ मारली. भिंतीला स्टीलचा कठडा होता, पण त्याच्यापुढे कायम व्हीलचेअर लावून ठेवलेल्या; तो फक्त माहितीपत्रकातल्या फोटोपुरता. दोरीला बारा गाठी होत्या. बाराव्या गाठीपाशी संडासाचं दार होतं.

आईला डायपरची शिसारी होती. तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, सगळं सोडलं होतं तिने, पण संडासाला स्वतःच्या पायांनी जायचं एवढा एकच हट्ट होता. हिराबाईंनी तिला तसा शब्द दिला होता. दुपारी बाकीच्या मावश्या टीव्हीपुढे बसत तेव्हा या दोघी दोरीवर असत. गाठ आली की थांबायचं, दम घ्यायचा, पुढची आज नको वाटली तर परतायचं. हिराबाईंचं एक ठरलेलं वाक्य होतं, "बसवून ठेवलेलं मानूस उशिरा पडतं, पन पडलं का मोडतं."

मी खारघरला, वीस मिनिटांवर. तरी जायची महिन्यातून दोनदा. अशा पाहुण्या लेकींची माया फार आवाज करते. एकदा न कळवता गेले तर आई व्हरांड्यात अनवाणी, गाऊन पोटरीपर्यंत खोचलेला, घामाने निथळलेली, आणि हिराबाई हातभर अंतरावर नुसत्या उभ्या. आईचा पाय लटपटला. मी किंचाळले. आई हसून सांगत होती की सातवी गाठ आली, पण ऐकतंय कोण? मी तरातरा ऑफिसात गेले. व्यवस्थापक म्हणाले, लेखी द्या. मी दिलं: माझ्या आईला चालवू नये, पडल्यास जबाबदारी संस्थेची राहील. ते वाचून त्यांचा चेहरा उजळला. चालणाऱ्या म्हातारीमागे एक माणूस लागतं, बसलेलीला खुर्ची पुरते.

आठवड्याभरात दोरी गेली आणि हिराबाईही गेल्या. निघताना फाटकाशी भेटल्या. रागावल्या नव्हत्या.

"तुमी सही केलीत ताई, ठीक हाय," त्या म्हणाल्या. "पन उठायच्या आदी ती तुमाला इचारनार हाय का?"

कामवाल्या बाईचं कशाला मनावर घ्यायचं, असंच तेव्हा वाटलं. आज ते लिहिताना माझीच मला किळस येते.

आईला खुर्ची मिळाली. खुर्चीला पुढून आडवी फळी, आणि डायपर. दर्शनी भिंतीवर पाटी लागली, 'या महिन्यात पडण्याच्या घटना: शून्य'. ती वाचून मी निर्धास्त घरी जायची. आईच्या मांड्या काठ्या झाल्या, ती बोलेनाशी झाली, तेही मी वयावर घातलं. चौथ्या महिन्यात एका दुपारी तिने फळी सरकवली आणि संडासाकडे निघाली. तीन पावलं गेली. खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशीही पाटीवर शून्यच. विचारलं तर म्हणाले, पडल्या नाहीत, खुर्चीतून घसरल्या. दोन महिन्यांनी आई गेली.

पुढे वर्षभराने पनवेलच्या मासळी बाजारात हिराबाई दिसल्या, ओट्यावर बोंबील मांडून बसलेल्या. मी टाळून पुढे जाणार तोच त्यांनी ओळखलं. पहिला प्रश्न हाच.

"मास्तरीन कुटपर्यंत गेली गो? माज्यासमोर सातवी झालेली."

खरं सांगायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "बारावी."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "मंग बरं झालं," म्हणाल्या. त्यांना काय कळलं ते मला ठाऊक नाही. मी वळले तर ओट्यासमोर सगळं पाणी सांडलेलं. त्या उठल्या, अनवाणी पाऊल फरशीवर घासून पाहिलं, माझं कोपर धरलं आणि मला कोरड्या जागेपर्यंत आणून सोडलं.

त्यांनी हात धरला नसता तर बरं झालं असतं.