शेपटाकडचा तुकडा

“नवी नवरी आहे, तोंड उघडत नाही. आपण देऊ तो तुकडा पास करेल.”

लॅबच्या पार्टिशनपलीकडून हे मला ऐकू आलं. बोलणारे पाटीलभाऊ, आमच्या सिल्वासातल्या ॲल्युमिनियमच्या कारखान्याचे प्रेस सुपरवायझर, मूळचे धुळ्याचे. नवी नवरी म्हणजे मी. लॅबमध्ये नुकतीच लागलेली, अजून कायम न झालेली.

आमच्याकडचे किस्से धातूतल्या दाण्यांसारखे आहेत. प्रेसमधून गरम प्रोफाइल, म्हणजे ॲल्युमिनियमची लांबलचक पट्टी, बाहेर आलं की ते लगेच गार करावं लागतं. नाहीतर आतले बारीक दाणे आपोआप फुगतात आणि पुढे वाकवताना प्रोफाइलला तडा जातो. किस्से तर आमच्याकडे कुणी गार करतच नाही.

*

गार करायला प्रेससमोर मोठे पंखे आहेत. मे महिन्यात दाणा रोज मोठा यायला लागला. आमचे मॅनेजर शिंदेसाहेब पुण्याचे. ते तापमानं तपासून थकले. शेवटी स्वतः खाली गेले, तर सगळे पंखे ऑपरेटरांकडे वळलेले.

“हे पंखे कुणासाठी आहेत?”

“साहेब, प्रोफाइलला घाम येत नाही.”

साहेबांनी जरा विचार केला आणि माणसांसाठी वेगळे पंखे मागवले.

*

तुकडा ॲसिडमध्ये बुडवला की दाणे नुसत्या डोळ्यांना दिसतात. एकदा पार वाया गेलेला, नखाएवढ्या दाण्यांचा तुकडा टेबलावर राहिला. तेवढ्यात वापीचं एक गिऱ्हाईक आलं. तुकडा उजेडात धरून म्हणालं, “आ डिझाइन तो बहु सरस छे. आमां बीजो कलर आवशे?”

शिंदेसाहेब शांतपणे म्हणाले, “स्टॉक संपलाय.”

*

मग दादऱ्याच्या रेलिंगवाल्याकडून माल परत आला. वाकवताना तडे गेले होते.

“लॅबनं पास केला होता,” पाटीलभाऊ म्हणाले. सही माझीच होती.

“पुन्हा असं झालं तर तुम्हाला कायम करणं मला अवघड जाईल,” साहेब म्हणाले.

मी ड्रॉवरमधले जुने तुकडे काढले. प्रत्येकावर पुलरच्या दातांची खूण. पुलर हे यंत्र प्रेसमधून निघणाऱ्या प्रोफाइलचं पुढचं टोक धरून ओढतं. दाणा फुगतो तो शेपटाकडे, मागच्या टोकाला. भाऊ तपासायला कायम पुढचंच टोक पाठवत होते!

दुसऱ्या दिवशी त्याच रेलिंगवाल्याचा नवा माल तयार झाला. ट्रक दारात उभा. भाऊ चकचकीत तुकडा घेऊन आले, मागोमाग शिंदेसाहेब.

“ताई, मारा सही. सोनं शे सोनं.”

मी तुकडा फिरवून दातांची खूण साहेबांसमोर धरली.

“भाऊ, लग्नाआधी माझाही असाच एक फोटो पाठवला होता,” मी म्हणाले. “सासरच्यांना आता कळतंय. शेपटाकडचा तुकडा आणा.”