उघड आहे, असं लिहिलेली ओळ

माझ्या थीसिसमधली चूक माझ्या गाईडना सापडली नव्हती.
ती आमच्याकडे कांदे निवडायला येणाऱ्या हौसामावशीमुळे सापडली.

मावशी आज सकाळी गेली.

माझा विषय रिंग थिअरी. रिंग म्हणजे बेरीज आणि गुणाकार करता येईल असा संच. तिच्यातले काही भाग स्वतःशी गुणत गेलं की शेवटी शून्य होतात. ते सगळे गोळा करून बाजूला काढायचे. उरलेल्यात तसं काहीच राहिलं नाही, तरच काढलेल्या भागाला रॅडिकल म्हणता येतं.

राहत नाही, हे उघड आहे, असं मी एका ओळीत लिहिलं होतं. पुढचे दोन चॅप्टर त्या ओळीवर उभे होते.

सबमिशनला आठवडा होता. मी शिनोलीला घरी आले होते. बराखीत बायका साठवलेला कांदा निवडत होत्या, मी शेजारी लॅपटॉप घेऊन बसले होते.

"काय चाललंय, डॉक्टरीणबाई?"
"सडकं बाजूला काढतेय."
"मंग आमच्यातलीच की तू. कितींदा काढती?"
"एकदाच."

मावशी बाकीच्यांकडे वळली. "ऐका गं. हिचं एकदाच भागतं."

सगळ्या हसल्या.

"आगं, सडक्याच्या शेजारचा आज लई चांगला दिसतोय. पंधरा दिसांनी हात लाव त्याला."
"मावशी, गणितात कांदे नसतात."
"नसूंदे. काढल्यावर परत बघितलंस का न्हाई?"

बघितलं नव्हतं.

संध्याकाळी बघितलं. गुणाकाराचा क्रम बदलून चालतो तिथे माझी ओळ खरी होती. माझ्या रिंगमध्ये क्रम बदलून चालत नव्हता. उरलेल्यात शून्य होणारं नवं निघालं. ते काढलं, तर पुढे आणखी.

कांद्यानं गणित सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण परत बघायला तिनं लावलं.

सबमिशन चार महिने पुढे गेलं. सर म्हणाले, "चांगलं पकडलंस."
मी "थँक यू सर" म्हणाले.

मावशीला यातलं काही सांगितलं नाही. पुढच्या दिवाळीत भेटली तेव्हा म्हणाली, "झाली का गं निवड?" मी नुसतं "झाली" म्हणाले.

आज ऋणनिर्देशाचं पान परत बघितलं. आई-वडील आहेत, सर आहेत, लॅपटॉप दुरुस्त करून देणारा भाऊसुद्धा आहे. ती नाही.

तिचं पूर्ण नावही मला आज गावच्या ग्रुपवरच्या निधनाच्या मेसेजमध्ये कळलं.

सर, तुम्ही हे वाचाल. ते मी पकडलं नव्हतं.
हौसाबाई बबन लोहकरे, शिनोली, तालुका आंबेगाव. त्यांनी पकडलं होतं.

मावशी, सांगायला उशीर केला.
नमस्कार.