तळ पोकळ वाजत होता

हे मी परवापर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं—बायकोलाही नाही. पण परवा स्वयंपाकघरात मी ठोकलेली फळी लोणच्याच्या बरणीसकट खाली आली, आणि हा इंजिनिअर तेलात उभा राहून काय म्हणाला? "भिंतच कच्ची आहे!" किती चटकन आलं तोंडात. सवय, दुसरं काय?

केडगावला फायबरच्या बोटी बनवणाऱ्या शेडमध्ये मी डिझाईन बघायचो. म्हणजे खुर्चीत बसून कॉम्प्युटरमधल्या बोटीवर लाटा आपटायच्या आणि ताण कुठे येतो ते रंगांत बघायचं. लाल म्हणजे धोका. शेवगावकडच्या मासेमारांसाठीची ती बोट माझ्या स्क्रीनवर सगळी हिरवी होती.

नाना मात्र तिच्या तळाशी वाकून रुपयाचं नाणं ठोकत होते. उभं आयुष्य फायबरचे थर चढवण्यात गेलेला माणूस. मधे काम दोन दिवस बंद होतं, सुकलेल्या थरावर धूळ बसली होती—आणि घासायलाही वेळ न देता पुढचा थर मीच चढवायला लावला होता.

"सायेब, हितं पोकळ वाजतंय. थरानं थर धरला न्हाई. कापून परत करू."

"नाना, तुमच्या नाण्यापेक्षा हे मशीन जास्त शिकलंय."

"शिकलं आसंल. पन त्यानं बोट ठोकून बघितली का?"

शेडभर सगळे हसले. मला राग आला—आणि त्या रागात मी बोट पाठवून दिली.

त्या हिरव्या चित्रात थर एकमेकांना घट्ट चिकटलेले होते, कारण तसं मीच गृहीत धरलं होतं. धूळ कुठल्या रकान्यात भरणार? हे मला ठाऊक नव्हतं? होतं की! चांगलं ठाऊक होतं.

पाण्यात पहिल्याच फेरीला तळ सोलून निघाला. माणसं पोहत काठाला लागली. आणि मी अहवालात लिहिलं—'कारागिराचा हलगर्जीपणा.' नाण्याबद्दल एक अक्षरही नाही. नानांना काढलं. पुढे कुठल्याच शेडनं त्यांना उभं केलं नाही. आता घोडेगावच्या बाजारात जनावरांची दावी विकतात. आणि मला? बढती. थू!

तेल पुसता पुसता हे सगळं बायकोला सांगितलं. तिच्या हातातलं फडकं थांबलं.

"अहो, नानांची बायको तेव्हा आपल्या दारात आली होती," ती म्हणाली. "'आमच्या ह्यांनी आधीच सांगितलं हुतं' म्हणत होती. मी तिला खोटारडी म्हणाले, आणि दार लावून घेतलं."