खानविलकरांच्या हॉलमधलं जेट

विमान एक, खुर्ची एक आणि अक्कल पाजळणारे चौघे, असं असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. आमच्याकडे आता इतके झालेत की कोणता आधी सांगायचा यावरून भांडणं होतात. म्हणून मीच सांगतोय. म्हणजे त्यातल्या त्यात खरं ऐकायला मिळेल!

तर आमचा निलेश खानविलकर. भाईंदर पूर्वेला वन बीएचके, घरात तो आणि त्याची आई, म्हणजे आमच्या काकू. कॉम्प्युटरवर विमान उडवायचा नाद कॉलेजपासूनचा. इतकी वर्षं प्रवासी विमानं उडवली आणि मग पठ्ठ्याने सिम्युलेटरसाठी जेट ट्रेनरचं ॲड-ऑन विकत घेतलं. जेट ट्रेनर म्हणजे हवाई दलातली पोरं ज्याच्यावर शिकतात ते दोन सीटचं विमान. ते टेबलावर बसून उडवणं त्याला कमीपणाचं वाटलं. भंगारवाल्याकडून गाडीची सीट आणली, भोवती प्लायवूडचं खोकं ठोकलं, जॉयस्टिक, थ्रॉटल, पेडल सगळं बसवलं. जागा कुठून काढली? हॉलमधला दिवाण सोसायटीच्या जिन्याखाली नेऊन ठेवला!

काकू भडकल्या. परळची खोली सोडताना हौसेने आणलेला दिवाण होता तो.

"हे विमान एकदा धड उतरवून दाखव," त्या म्हणाल्या. "उतरलं की हौस फिटली. मग हे खोकं बाहेर आणि माझा दिवाण आत!"

निलेशने शब्द दिला. साक्षीदार तिघे: मी, हार्डवेअरचं दुकान चालवणारा जिग्नेश आणि जवळच्याच गोडदेव गावचा भोईर. "दोन रविवारात उतरवतो," निलेश म्हणाला. कसलं काय!

*

पहिला अख्खा रविवार तर इंजिन सुरू करण्यातच गेला. प्रवासी विमानात एक बटण दाबलं की झालं असायचं. इथे आधी बॅटरी, मग इंधनाचा पंप, मग आणखी पाच-सहा स्विच, आणि क्रम चुकला की परत पहिल्यापासून. निलेश मॅन्युअल वाचतोय, मी स्विच शोधतोय, आणि जिग्नेश दर दोन मिनिटांनी विचारतोय, "अरे, इसमें चावी किधर लगती है?"

शेवटी निलेशने देवाचं नाव घेऊन स्टार्टर दाबला आणि घूंऽऽ करून आवाज चढायला लागला. काय तो आवाज! आम्ही टाळ्या पिटल्या. भोईरने तर निलेशला मिठी मारली. तेवढ्यात आवाज बंद पडला आणि स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या, "चटणी वाटून झाली! मीठ बरोबर आहे का बघा रे कोणीतरी!"

*

एकदाचं विमान उडालं. उडाल्यावर माणूस काय शोधतो? स्वतःचं घर! खाडी ओलांडून आम्ही भाईंदरवर आलो आणि चौघांची डोकी स्क्रीनला चिकटली.

"वो देख, मेरा दुकान!" जिग्नेश.

"ते दुकान नाही, ती पाण्याची टाकी आहे." निलेश.

"आरं, माजं घर कुठं हाय?" भोईर अस्वस्थ झाला. "हितं तर नुसती झाडी हाय! घर न्हायच!"

सिम्युलेटरने गोडदेवच्या जागी दाट जंगल उगवलं होतं. भोईरचं घर बघायला निलेशने विमान आणखी खाली घेतलं. सगळे खाली बघतायत, समोर कोणीच बघत नाहीये. विमान थेट एका टॉवरच्या सातव्या-आठव्या मजल्यात घुसलं!

काळा स्क्रीन. मग भोईर म्हणाला, "ह्या टॉवरला परमिशन कोनी दिली?"

*

उतरवायचं म्हटलं की खरी गंमत. हे जेट एवढं जोरात येतं की धावपट्टी दिसली म्हणेपर्यंत मागे जाते. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या.

"एवढी घाई कसली? रिक्षावालासुद्धा स्पीडब्रेकर आला की हळू करतो."

निलेशला पटलं. पुढच्या वेळी त्याने इतकं हळू केलं, इतकं हळू केलं, की विमानाने उडणंच सोडलं आणि ते दगडासारखं खाली आलं.

"आता फारच हळू केलंस," काकू म्हणाल्या आणि कुकर बघायला आत गेल्या.

*

खंडेनवमीला काकूंनी अवजारांची पूजा केली. विळी, शिवणाचं मशीन आणि पाठोपाठ कॉकपिट! जॉयस्टिकला हळदकुंकू, थ्रॉटलला झेंडूची माळ. आरती झाली, पेढे झाले, निलेशने टेकऑफ केला. वर गेल्यावर थ्रॉटल मागे येईना.

"पॉवर कमी कर!" मी ओरडलो.

"होत नाहीये! अडकलंय!"

"काय अडकलंय?"

"झेंडू!"

माळेचा दोरा आत गुंडाळला गेला होता. विमान फुल पॉवरवर वसई ओलांडून पालघरकडे निघालं. काकू शांतपणे म्हणाल्या, "राहू दे. सणासुदीला कशाला उतरवतोस?"

खरं सांगू? मलाही बरं वाटलं. खोकं गेलं की आमचे रविवारही गेले, हे सगळ्यांना कळत होतं. बोलत कोणी नव्हतं, एवढंच.

*

मग निलेशच्या ताईचे सासू-सासरे आले. काकूंना चांगलं निमित्त मिळालं. "बघा ना, पाहुण्यांना बसायला जागा ठेवली नाही ह्याने!" असं म्हणत त्यांनी सासूबाईंना खुर्ची दिली आणि सासऱ्यांना नाइलाजाने पायलटच्या सीटवर बसवलं. ते चहा प्यायले, पोहे खाल्ले, थोडा वेळ डुलकीसुद्धा काढली. निघताना काकूंना म्हणाले, "विहीणबाई, तुमच्या जुन्या दिवाणापेक्षा हे बरं. कंबरेला आधार मिळतो!"

दोन दिवसांनी सीटवर काकूंच्या हातची नवीन उशी आली होती.

*

आणि मग तो रविवार. निलेश आठवडाभर प्रॅक्टिस करून तयार होता. जिग्नेशने दुकानातून ड्रॉवरची दोन हँडलं आणून पिवळीकाळी टेप गुंडाळून, वायर जोडून बसवली होती. जिवावर बेतलं तर हे ओढायचं, की सीटसकट बाहेर. एक पुढे, एक सीटच्या मागे. कारण खऱ्या विमानात मागे शिकवणारा बसतो, आणि त्याने ओढलं तरी दोघंही बाहेर फेकले जातात.

मागे, प्लास्टिकच्या स्टुलावर, काकू मेथी निवडत बसल्या होत्या.

त्या दिवशी सगळं जमून आलं. स्पीड बरोबर, चाकं बाहेर, धावपट्टी नाकासमोर. निलेशचा हात जरासुद्धा हलत नव्हता. भोईरने माझा दंड घट्ट धरला. "उतरतंय रं," तो पुटपुटला, आणि त्याचा आवाज काही आनंदाचा नव्हता. चाकं टेकायला हातभर अंतर उरलं होतं.

धाडकन विमानाची काच उडाली. स्क्रीनवर आधी आकाश, मग एक पॅराशूट, मग दुसरं. रिकामं विमान धावपट्टीवर आपटून, गोलांट्या खात गवतात गेलं.

"मी नाही ओढलं!" निलेश ओरडला. "आईशप्पथ, मी हातसुद्धा नाही लावला!"

आम्ही सगळे मागे वळलो.

काकूंनी हँडल नीट जागेवर सरकवलं, पदराला लागलेली मेथीची पानं झटकली आणि ताट उचलून उठल्या.

"नाही बाबा उतरलं," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी जरा लवकर या रे सगळे. घावणे करते."