कारकूनबाईंची काच

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, शिकवणाऱ्या बाईंना त्या स्वतः तिथे शिकत असताना सगळे ‘कारकूनबाई’ म्हणत. म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, असं बाई आजही सांगतात. बाईंचा स्वभावच भिडस्त, दुसरं काय.

त्यांच्या समाजातली मुलं तेव्हा इंजिनिअरिंगला औषधालाही सापडत नसत. वर्गात त्या एकट्याच. रंग वेगळा, बोलण्याचा हेल वेगळा. वडील गवंडी. आमची पोरगी यंत्रं चालवते, असं ते अख्ख्या वस्तीला सांगत सुटले होते. आणि पोरगी चालवत होती पेन. चौघांत एक लेथ असायचा. पहिल्याच दिवशी गटातल्या एकाने त्यांच्या हातात जर्नल ठेवलं. तुझं अक्षर छान आहे, तू मापं लिही, म्हणाला. कौतुकच ते, नाही कसं म्हणणार? मग वर्षभर कौतुकच होत राहिलं. तिघांचे हात तेलाने काळे, यांच्या बोटांना शाई. आपल्याला इथे येऊ दिलं हेच पुष्कळ, असं त्यांना वाटे. शिकवणारे सर रोज बघत होते आणि रोज काणाडोळा करत होते.

परीक्षेत मात्र लेथवर एकटीने उभं राहायचं होतं. लोखंडाचा तुकडा चकमध्ये, म्हणजे लेथच्या गरगर फिरणाऱ्या पकडीत, चावीने आवळायचा, चावी काढून ठेवायची, मग बटण दाबायचं. सुवाच्य अक्षरात कितीदा तरी लिहिलेलं. बाईंनी तुकडा आवळला आणि घाईघाईने बटण दाबलं. चकमध्ये राहिलेली चावी सणकन उडाली ती खिडकीची काच फोडून बाहेर. कुणाला लागलं नाही, एवढं नशीब. परीक्षकांनी नापास केलं, ते रास्तच होतं. पण जाता जाता ते सरांना म्हणाले, “या लोकांच्या हातांना यंत्राची सवयच नाही हो.”

ते बाईंच्या जिव्हारी लागलं. घरी वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की, वर्षभरात तुला यंत्र किती वेळा दिलं? बाईंना रडू फुटलं. मग पुढचं वर्षभर त्या वर्कशॉपमधल्या फिटरकाकांच्या खनपटीला बसल्या, लेथवर हात बसवला, पास झाल्या आणि पुढे तिथेच शिकवायला लागल्या.

परवा नव्या वर्गाचं प्रॅक्टिकल होतं. बाईंच्याच समाजातली एक मुलगी गटाच्या मागे जर्नल घेऊन उभी. ती का लिहिते, असं विचारल्यावर गटातला उंच मुलगा अगदी कौतुकाने म्हणाला, तिचं अक्षर छान आहे.

बाईंनी जर्नल काढून घेतलं आणि मुलीला लेथपुढे उभं केलं.

“मॅडम, मला नाही जमणार. मी लिहिते ना.”

“लिहायला मी आहे.”

मुलीने तुकडा आवळला. चावी तशीच ठेवून बटणाकडे हात नेला, तसं बाईंनी तिचं मनगट धरलं. मुलं हसायच्या बेतात होती. मुलीचा चेहरा पार उतरला.

“नवीन माणसाची चावी राहते,” बाई म्हणाल्या. “त्यात आपल्या लोकांचं काही नाही. त्या खिडकीत एक काच इतरांपेक्षा नवी दिसते ना? ती माझी.”

मुलीने काचेकडे पाहिलं. चावी काढून बाजूला ठेवली आणि बटण दाबलं. बाई स्टूल ओढून मापं लिहायला बसल्या. अक्षर अजूनही छान आहे त्यांचं.