सरासरी तीनशे

"ग्राफ मस्त सरळ आलाय. चारपर्यंत क्लायंटला पाठवून टाकू?" सरांनी फोनवर विचारलं.

मी गावी, कामठ्याला, आमच्या ओसरीत लॅपटॉप घेऊन बसले होते. नुसतं "हो सर" म्हणायचं होतं.

आमचं काम औषध कंपन्यांसाठी. कॉम्प्युटरमध्ये एक प्रोटीन ठेवायचं, भोवती पाण्याचे हजारो रेणू, आणि औषधाचा एक रेणू. औषध प्रोटीनला चिकटून राहतं की सुटतं, ते बघायचं. याला सिम्युलेशन म्हणतात, आणि ते एकदा चालवणं म्हणजे एक रन. इथे तापमान म्हणजे अणूंची धावपळ. ती भलतीकडे जाऊ नये म्हणून थर्मोस्टॅट लावतात. हे यंत्र नव्हे, कोडचा तुकडा. सगळ्यांचे वेग थोडे कमी-जास्त करून तो सरासरी जागेवर आणतो. आम्हाला तीनशे केल्विन हवं होतं, म्हणजे साधारण घरातली हवा असते तेवढं.

पुण्यात अकरा वर्षं काढल्यावर मी हट्ट धरला होता, मला गावातून काम करू द्या. अर्जात कारण लिहिलं होतं, "कामात एकाग्रता वाढेल." हा प्रोजेक्ट म्हणजे त्याची परीक्षा. नीट पार पडला तर कायमचं कामठा. सकाळी आईच्या हातचा चहा घेऊन मीटिंगला बसायचं, एवढ्यासाठी मी बढतीवरही पाणी सोडायला तयार होते. याच घाईत मी सगळ्यात सोपा थर्मोस्टॅट लावला. पाणी, प्रोटीन, औषध, सगळ्यांना मिळून एकच.

"सर, पाच मिनिटांत सांगते," म्हणून फोन ठेवला.

आई मागच्या वाडीतून आली. कापलेल्या धानाचं पुंजणं, म्हणजे पेंढ्यांची रास, तिथे जरा ओलसरच रचलेलं होतं. तिच्या हाताला कोपरापर्यंत काड्या चिकटल्या होत्या.

"पुंजणं तापून राहिलं वं. उकलून वाळवा लागते."

"सकाळी मी हात लावला तेव्हा थंड होतं की."

"वरून काय समजते? आत हात घाला लागते." मग लॅपटॉपकडे बघत म्हणाली, "तुह्यं झालं काय? मंग आता इथंच राहाशीन ना?"

ग्राफ सरळ होता, म्हणजे अख्ख्या रनमध्ये औषध जागचं हललंच नव्हतं, हे मला सकाळीच खटकलं होतं. क्लायंटला तेच हवं होतं आणि मलाही. खरं सांगते, मला तपासायचंच नव्हतं.

मी पाण्याचं आणि प्रोटीनचं तापमान वेगवेगळं काढलं. दहा मिनिटांचं काम. पाणी तीनशेच्या जरा वर, प्रोटीन चांगलंच खाली. सरासरी तीनशे. प्रोटीन आतून गारठलेलं होतं, म्हणून औषध चिकटून बसलं होतं.

"सर, पाठवू नका. रन चुकलाय. माझीच चूक."

"पुन्हा किती दिवस?"

"आठवडा."

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "तू ऑफिसात असतीस तर शेजारच्या कुणी बघितलं असतं," ते शांतपणे म्हणाले. "सोमवारी ये."

आईला सांगितलं तेव्हा ती पुंजणं उकलत होती. "जा मंग," एवढंच म्हणाली आणि पुढची पेंढी उचलली.

पुण्यात दुसरा थर्मोस्टॅट लावला. हा प्रत्येक अणूला स्वतंत्रपणे बारीक धक्के देतो, त्यामुळे ऊब सगळीकडे सारखी पोचते. रनच्या दुसऱ्याच दिवशी औषध सुटून पाण्यात गेलं. क्लायंटने तो रेणू सोडून दिला आणि वेळेत सांगितल्याबद्दल आभार मानले. मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं. गावातून कामाचा विषय कुणी काढला नाही.

आता प्रत्येक रनमध्ये मी आधी भाग वेगळे करून बघते. सरासरीचं काय, ती कुणालाही खूश करते.

आईला फोनवर "कशी आहेस" विचारलं की ती "बरी आहो" म्हणते. म्हणून हल्ली विचारते, आज काय रांधलं? परवा म्हणाली, "एकटीसाठी कायले रांधा लागते वं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ज टाकला. या वेळी कारणाच्या रकान्यात एकच ओळ लिहिली: मला घरी राहायचं आहे.